अर्धं मूल, पूर्ण घर: बेथनल ग्रीन ते डेबडन, एका पुनर्वसनाचा अभ्यास

लंडनच्या भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन बेथनल ग्रीनला जमिनीखाली असते. पूर्वेकडे जाताना ती उघड्यावर येते आणि लेटन, वुडफर्ड, लाउटन अशी स्थानकं घेत एसेक्समधल्या डेबडनला पोचते. मध्ये गाडी बदलावी लागत नाही. बेथनल ग्रीनचं भुयारी स्थानक डिसेंबर 1946 मध्ये प्रवाशांसाठी उघडलं. त्याआधी युद्धकाळात ते अर्धवट बांधलेलं होतं आणि लोक तिथे बॉम्बपासून आसरा घ्यायला उतरत. 3 मार्च 1943 च्या रात्री त्याच्या अंधाऱ्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 173 माणसं गेली. त्यात 62 मुलं होती. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. डेबडन या लाइनवर आलं 25 सप्टेंबर 1949 रोजी.

ज्या प्रकरणाबद्दल लिहायचं आहे ते या दोन स्थानकांच्या मध्ये घडलं. पूर्व लंडनच्या दाट वस्तीतली, दोन-दोन खोल्यांत राहणारी कुटुंबं उचलून शहराबाहेरच्या हिरव्या उपनगरात नेली गेली. त्यांना बाग मिळाली, न्हाणीघर मिळालं, मुलांना वेगळी झोपायची खोली मिळाली. योजना प्रामाणिक होती आणि ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत ती पोचलीही. सार्वजनिक घरबांधणीच्या इतिहासात एवढंसुद्धा क्वचित घडतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. तरीही या प्रकरणात काहीतरी हातातून निसटलं. ते नेमकं कुठे निसटलं याचा शोध घेताना मी दरवेळी एकाच ठिकाणी येऊन थांबतो: गर्दी मोजण्याच्या पद्धतीपाशी.

वस्ती

बेथनल ग्रीन म्हणजे रेशीम विणणाऱ्यांचा, मग फर्निचर बनवणाऱ्या सुतारांचा आणि हातगाडीवाल्या विक्रेत्यांचा भाग. रस्त्याला लागून दुमजली घरांच्या सलग रांगा. एका घरात बहुधा दोन बिऱ्हाडं, एक खाली आणि एक वर. नळ आणि संडास मागच्या अंगणात, तोही अनेकदा सामाईक. न्हाणीघर नसणं ही तिथली एकट्याची गोष्ट नव्हती. 1951 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या 37 टक्के कुटुंबांच्या घरात बसवलेला टब नव्हता. आंघोळीला लोक सार्वजनिक स्नानगृहात जात किंवा शेगडीसमोर पत्र्याचा टब मांडत.

या भागाने पुनर्वसन आधीही पाहिलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन काउंटी कौन्सिल या शहराच्या स्थानिक प्रशासनाने, म्हणजे एलसीसीने, बेथनल ग्रीन आणि शोरडिचच्या सीमेवरची ओल्ड निकॉल ही बदनाम झोपडवस्ती पाडली आणि तिथे बाउंडरी इस्टेट उभी केली. 1900 साली तिचं उद्घाटन झालं. लाल विटांच्या त्या इमारती आजही देखण्या दिसतात. पण जुन्या वस्तीतून उठवलेल्या 5,719 माणसांपैकी फक्त 11 जणांना नव्या इमारतीत घर मिळालं. भाडं परवडेल असे लोक आत आले आणि मूळचे रहिवासी शेजारच्या गल्ल्यांत जाऊन तिथली गर्दी वाढवू लागले. म्हणजे पहिल्या खेपेला जागा सुधारली आणि माणसं बाहेर राहिली. पन्नास वर्षांनी उलट झालं. या खेपेला घरं त्याच माणसांना मिळाली, पण त्यासाठी त्यांना ती जागा सोडावी लागली.

मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने घटली होती. 1931 साली बेथनल ग्रीन बरोत, म्हणजे लंडनच्या या स्थानिक प्रशासकीय विभागात, 1 लाख 8 हजार माणसं होती, 1951 साली सुमारे 58 हजार. इतकी माणसं कमी झाली तर गर्दी कशी उरली, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर असं की माणसांबरोबर घरंही गेली होती. बॉम्बहल्ल्यांत कित्येक रांगा सपाट झाल्या होत्या, ज्या उभ्या होत्या त्यांची छपरं आणि खिडक्या खिळखिळ्या होत्या, आणि युद्धाच्या सहा वर्षांत नवीन बांधकाम जवळपास थांबलं होतं. मग सैन्यातून तरुण परतले, लग्नं झाली, 1946-47 मध्ये बाळांची लाट आली. नव्या जोडप्यांना जागा मिळेना म्हणून ती आईवडिलांच्या घरातल्या एका खोलीत राहू लागली. बरोच्या एकूण आकड्यात हे दिसत नव्हतं. ते दिसायचं रात्री पथाऱ्या पसरल्या की.

देशभर हीच घुसमट होती. 1946 च्या उन्हाळ्यात बेघर कुटुंबं रिकाम्या लष्करी छावण्यांत शिरून राहू लागली. ऑक्टोबरपर्यंत इंग्लंड-वेल्समधल्या हजाराहून अधिक छावण्यांत सुमारे 40 हजार माणसं अशी राहत होती. त्या सप्टेंबरात लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या एका श्रीमंती इमारतीचाही लोकांनी ताबा घेतला होता. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्याकडे घरबांधणीचंही खातं होतं. सरकारने दीड लाखाहून अधिक तात्पुरती, कारखान्यात बनवलेली घरं उभी केली. पण विटा, लाकूड आणि गवंडी, सगळ्याचीच टंचाई होती.

गर्दी कशी मोजत

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या हिशोबातून निघालं.

1935 च्या घरबांधणी कायद्याने ब्रिटनमध्ये पहिल्यांदा ‘दाटी’ म्हणजे काय हे देशभरासाठी आकड्यांत ठरवलं. दोन कसोट्या होत्या. पहिली झोपण्याची: दहा वर्षांवरच्या, नवराबायको नसलेल्या स्त्री-पुरुषांना एकाच खोलीत झोपावं लागत असेल तर दाटी. दुसरी जागेची: एका खोलीत दोन माणसं, दोन खोल्यांत तीन, तीन खोल्यांत पाच, चार खोल्यांत साडेसात, पाच खोल्यांत दहा. साडेसात माणसं कुठून आली? दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरायचं म्हणून. एक वर्षाखालचं बाळ धरायचंच नाही. खोली 110 चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर तिची क्षमता पायरीपायरीने कमी होते, आणि 50 चौरस फुटांखालची खोली खोलीच नव्हे. बसायची-जेवायची खोलीही झोपण्याची म्हणून मोजायची.

एक काल्पनिक कुटुंब घेऊन हिशोब करून पाहू. दोन पुरेशा मोठ्या खोल्या. नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सात महिन्यांचं बाळ. नवराबायकोचे दोन, मुलीचा अर्धा, मुलाचा अर्धा, बाळाचं शून्य. एकूण तीन. दोन खोल्यांना परवानगी तीनचीच. म्हणजे ही पाच माणसं, त्यातल्याच एका खोलीत स्वयंपाक, तिथेच ओले लंगोट वाळत घातलेले, पाणी अंगणातून वर आणायचं, आणि कायद्याच्या लेखी या घरात दाटी नाही.

आता बाळाचा पहिला वाढदिवस येऊ द्या. शून्याचं अर्धं झालं, तीनाचे साडेतीन झाले, आणि त्या सकाळी हे घर कायद्याने दाटीचं ठरलं. मुलगी दहाची झाली की चार. घर तेच, माणसंही तीच. अशा वाढीबद्दल कायदा लगेच दोषी धरत नसे. कौन्सिलकडे दुसऱ्या जागेसाठी अर्ज केलेला असला की भाडेकरू सुटला. थोडक्यात, मुलाचं वय वाढणं हा अर्जाचा क्षण होता.

हे नियम करणाऱ्यांना निर्दय म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कसोटी याहून कडक ठेवली असती तर गरीब वस्त्यांतली निम्मीअधिक घरं एका रात्रीत बेकायदा ठरली असती आणि त्यांतल्या माणसांना ठेवायचं कुठे हा प्रश्न उरला असता. म्हणून कसोटी मुद्दाम सैल धरली. तरी 1936 च्या देशव्यापी पाहणीत 3.8 टक्के कुटुंबं दाटीत निघाली, आणि पूर्व लंडनसारख्या भागांत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट होतं. युद्धानंतर कौन्सिलांनी घरवाटपासाठी गुणांच्या याद्या केल्या त्या कायद्यापेक्षा उदार होत्या. खोल्या कमी असतील तर गुण, स्वयंपाकघर किंवा संडास सामाईक असेल तर गुण, क्षयरोग असेल तर गुण, जोडपं सासरी किंवा माहेरी अडकून पडलं असेल तर गुण. पण कायद्यातली आणि यादीतली एक गोष्ट समान होती. दोन्हीकडे मोजमाप एका दाराच्या आतलं होतं: इतक्या खोल्या, इतकी माणसं. दाराबाहेर काय आहे, गल्लीच्या टोकाला कोण राहतं, बाई दिवसभर कोणाच्या आधाराने तीन मुलं सांभाळते, यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

तिसऱ्या दारातलं माहेर

बेथनल ग्रीनमध्ये तो आधार बहुधा तिची आई असे. मराठी वाचकाला हे पटकन कळेल आणि पटकन चुकीचंही कळेल. आपल्याकडे लग्न झालेली मुलगी माहेर सोडून जाते, माहेर म्हणजे सणावाराला गाठायची जागा. तिथे लेक लग्नानंतर शक्यतो आईच्या जवळ घर घेई. माहेर तिसऱ्या दारात किंवा पलीकडच्या गल्लीत. सकाळी मुलांना घेऊन आईकडे, बाजाराला आईबरोबर, बाळंतपणाला आई, नवऱ्याशी बिनसलं तरी आई. नवराही संध्याकाळी तिथे जेवायला येई.

हे जमून येण्यामागे भावना होती तसा एक व्यवहारही होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. युद्ध सुरू झाल्यावर 1939 साली भाडेनियंत्रण व्यापक झालं. भाडी गोठली. घरमालकाला भाडेकरू कोणीही असला तरी तेवढेच पैसे मिळणार होते, मग तो कोणाला निवडणार? ज्याच्याकडून भाडं वेळेवर येईल याची खात्री असेल त्याला. दर आठवड्याला दारात येणाऱ्या भाडेवसुलीच्या माणसाशी वीस-वीस वर्षं ओळख असलेली आई म्हणे, अमुक घर रिकामं होतंय, माझ्या लेकीला द्या. वसुलीवाला ते ऐके, कारण आईचं भाडं कधी चुकलं नव्हतं. आईचा शब्द म्हणजे तारण.

ही पद्धत माणुसकीची दिसते, पण न्याय्य नव्हती. जिची आई वारली, जिच्या आईचं भाडं थकलेलं, जी दुसऱ्या भागातून लग्न करून आली, जो परदेशातून आला, त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नव्हतं. कौन्सिलच्या यादीने ही ओळखपाळख बाजूला सारली आणि विचारलं, तुमच्याकडे खोल्या किती, माणसं किती? कोणाचीही ओळख नसलेल्या बाईला पहिल्यांदा रांगेत उभं राहता आलं. पुनर्वसनाचे तोटे मांडताना हा फायदा अनेक अभ्यासक घाईने ओलांडून जातात.

डेबडन

नगररचनाकार पॅट्रिक अॅबरक्रॉम्बी यांच्या 1943 आणि 1944 च्या लंडन आराखड्यांनी ठरवलं होतं की ईस्ट एंडसारख्या, म्हणजे पूर्व लंडनच्या दाट भागांत एकरी 136 माणसं अशी घनता ठेवायची. या घनतेने पुन्हा बांधायचं तर आधीची सगळी माणसं परत मावणं शक्यच नव्हतं. उरलेल्यांसाठी हार्लोसारखी नवी नगरं होती, पण ती उभी राहायला वेळ लागणार होता. तोवर एलसीसीने आपल्या हद्दीबाहेर मोकळी जमीन घेऊन वसाहती बांधायला घेतल्या: हॅरल्ड हिल, साउथ ऑक्सी, हेनॉल्ट, आणि लाउटनला लागून डेबडन. डेबडनमध्ये चार हजारांच्या आसपास घरं झाली, बहुतेक 1947 ते 1952 या पाच वर्षांत. एपिंगचं जंगल तिथून जवळ.

घरं चांगली होती. युद्धाच्या शेवटी सरकारने नेमलेल्या डडली समितीने तीन शयनखोल्यांच्या घराला 900 चौरस फूट सुचवले होते. बेव्हन यांनी प्रत्यक्षात त्याहून मोठी घरं बांधून घेतली. टंचाईच्या काळात थोडी बांधा पण नीट बांधा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी संथपणाची टीका झेलली. 1949 च्या कायद्याने तर कौन्सिलची घरं ‘कामकरी वर्गासाठी’ ही अटच काढून टाकली. 1951 नंतर घरबांधणीमंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांनी वर्षाला तीन लाख घरांचं लक्ष्य गाठताना क्षेत्रफळ पुन्हा आखडतं घेतलं. डेबडनचा मोठा भाग त्याआधीचा.

दोन खोल्यांतून आलेल्या कुटुंबाला हे घर कसं वाटलं असेल याची कल्पना करता येते. नळ सोडला की घरातच गरम पाणी, वर मुलांच्या खोल्या, मागे वाफे करायला जमीन. अनेकांनी इथे येण्याचं कारण एका शब्दात सांगितलं: मुलं. मुलांना हवा मिळेल, गाड्यांच्या धोक्याशिवाय खेळता येईल. ईस्ट एंडच्या धुरात खोकणाऱ्या पोराच्या आईला हे कारण पुरेसं होतं, आणि कोणीही तिला त्याबद्दल हळवी म्हणू नये.

पण घर पाच खोल्यांचं आणि सामान दोन खोल्यांचं. पडदे, लिनोलियम, पलंग हप्त्यांवर घ्यायचे. भाडं जुन्या गोठवलेल्या भाड्यापेक्षा बरंच जास्त. नवऱ्याची नोकरी अजून गोदीत किंवा शहरातल्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे रोजचं रेल्वेभाडं. बँक ऑफ इंग्लंडचा नोटांचा छापखाना डेबडनला आला 1956 साली, पहिले रहिवासी आल्यावर कित्येक वर्षांनी. वसाहतींत नेहमी हाच क्रम राहिला: आधी घरं, मग दुकानं, मग शाळा, मग काम. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एलसीसीने बेकनट्रीला सुमारे 26 हजार घरांची वसाहत बांधली तेव्हाही हेच झालं होतं आणि 1934 साली त्यावर सविस्तर अहवालही निघाला होता. अनुभव नवा नव्हता.

त्यात हद्दींचा गुंता. घरमालक लंडन काउंटी कौन्सिल. शाळा एसेक्स काउंटी कौन्सिलच्या. रस्ते-कचरा वगैरे स्थानिक कामं चिगवेल अर्बन डिस्ट्रिक्टकडे. गाड्या लंडन ट्रान्सपोर्टच्या. रहिवाशाने एक तक्रार घेऊन निघावं तर तिला चार दारं. शिवाय आधीपासून लाउटनमध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गाला आपल्या शेजारी ईस्ट एंड उतरलेला आवडला नव्हता.

आकडे काय सांगतात

हे सगळं आपल्याला इतक्या बारकाईने कळतं ते मायकेल यंग आणि पीटर विल्मट या समाजशास्त्रज्ञांमुळे. 1945 च्या निवडणुकीचा मजूर पक्षाचा जाहीरनामा लिहिणारे यंग हेच. पक्षाचं काम सोडून ते बेथनल ग्रीनमध्ये जाऊन अभ्यास करू लागले. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वसाहतीला ‘ग्रीनली’ असं टोपणनाव आहे. ते गाव म्हणजे डेबडन. तिथल्या 47 जोडप्यांना ते 1953 साली भेटले आणि त्यातल्या 41 जोडप्यांना दोन वर्षांनी पुन्हा.

दोन्हीकडच्या आईवडिलांशी आणि भावंडांशी आठवड्यात किती वेळा गाठ पडते, हे त्यांनी मोजलं. बेथनल ग्रीन सोडण्यापूर्वी बायकांची सरासरी 17.2 होती. डेबडनला 1953 साली ती 3.0 झाली आणि 1955 साली 2.4. पुरुषांची 15.0 वरून 3.8 आणि मग 3.3.

घसरण तर ढळढळीत आहे. पण मला त्यातली अदलाबदल जास्त बोलकी वाटते. जुन्या वस्तीत बायकांच्या गाठीभेटी पुरुषांपेक्षा जास्त होत्या. नव्या वसाहतीत पुरुषांच्या जास्त झाल्या. का? पुरुष रोज कामासाठी त्याच ईस्ट एंडला जात होता. सुटल्यावर तो आपल्या आईकडे, कधी सासूकडे डोकावत असे. ज्या बाईचं सगळं जगणं आईभोवती गुंफलेलं, ती मात्र बागेच्या घरात दोन मुलांसह राहिली आणि आईची खुशाली तिला नवऱ्याकडून कळू लागली.

आणि गाडी तर थेट होती. नकाशावर पाहिलं तर हे अंतर काहीच नाही. पण अंतर मिनिटांत मोजायचं नसतं, ते बाबागाडीत मोजायचं असतं. बाबागाडी स्थानकाच्या जिन्यांवरून उचलायची, एका हाताने मोठ्याला धरायचं, दोघांचं तिकीट काढायचं, शाळा सुटायच्या आत परतायचं. आठवड्याचे पैसे भाड्यात आणि हप्त्यांत गेलेले. असा प्रवास बाई महिन्यातून एकदा करेल, रोज करणार नाही. रोजची भेट ठरवून करायची नसते. ती पीठ संपलं म्हणून, बाळ रडतंय म्हणून, पाऊस थांबला म्हणून होते. ती चालत जाण्याच्या अंतरातच टिकते.

वाटेत माणसं भेटण्याच्या जागाही गेल्या होत्या. बेथनल ग्रीनमध्ये 44 माणसांमागे एक दुकान आणि 400 माणसांमागे एक पब. ग्रीनलीत 300 माणसांमागे एक दुकान आणि 5,000 माणसांमागे एक पब. कोपऱ्यावरचं दुकान हे बायकांचं बोलण्याचं ठिकाण होतं, आणि तिथली दुकानदारीण उधारीही देत असे. वसाहतीत ती जागा टीव्हीने भरली. 1955 साली 100 घरांमागे बेथनल ग्रीनमध्ये 32 टीव्ही परवाने होते, ग्रीनलीत 65. शेजाऱ्यांशी ओळख नाही, त्यामुळे माणूस कसा आहे हे त्याच्या पडद्यांवरून आणि सामानावरून ठरू लागलं. जुन्या गल्लीत सगळे एकमेकांना बालपणापासून ओळखत, तिथे पडद्यांवरून काही सिद्ध करायची गरज पडत नव्हती.

आजारपणात आणि बाळंतपणात फरक सर्वांत ठळक दिसला. आई किंवा बहीण जे करायची ते आता नवऱ्यावर आलं. तो रजा घेई, स्वयंपाक करी, मोठ्या मुलांना शाळेत सोडी. यात एक चांगली गोष्टही घडत होती, ती सोडून देऊ नये. नवरा घरात आला. बागेत राबणारा, मुलांबरोबर खेळणारा बाप या वसाहतींत दिसू लागला. मात्र रजेचा पगार बुडाला की त्याची किंमतही त्याच घराने मोजली.

या अभ्यासावरचे आक्षेप

47 जोडपी म्हणजे फार लहान नमुना. सगळी लहान मुलांची घरं. ‘आधीच्या’ गाठीभेटींचा आकडा आठवणीतून सांगितलेला, आणि दूर गेल्यावर आठवण उजळ होते. इतिहासकार जॉन लॉरेन्स यांनी या अभ्यासाच्या उरलेल्या मुलाखती-नोंदी पुन्हा वाचून 2016 साली दाखवलं की बेथनल ग्रीनमध्येही अनेकांना नातेवाइकांचा जाच वाटत होता, काहींना तिथून सुटका हवी होती, आणि लेखकांनी आपल्याला भावलेल्या आवाजांना जास्त जागा दिली. मला हा आक्षेप मोलाचा वाटतो. आईचं घर तिसऱ्या दारात असणं म्हणजे आईची नजरही तिसऱ्या दारात असणं. नव्या घरात पहिल्यांदा आपल्या मनाने जेवायची वेळ ठरवणाऱ्या सुनांना आणि लेकींना डेबडन आवडलं असणार.

पण या आक्षेपाने मूळ मुद्दा मोडत नाही. जिला सुटका हवी तिला ती मिळायला हवी होती, जिला आई हवी तिला आई. वाटपाच्या कागदाला या दोघींतला फरक विचारताच येत नव्हता. दोघींचे गुण सारखे, म्हणून दोघींना तेच पत्र.

काय वेगळं करता आलं असतं

त्याच जागी, त्याच लोकांसाठी, टप्प्याटप्प्याने बांधणं हा यंग-विल्मट यांचा आग्रह होता. त्याला जमीन हवी आणि मधल्या काळासाठी रिकामी घरं हवीत. 1948 च्या बेथनल ग्रीनमध्ये दोन्ही पुरेशी नव्हती, हे मान्य करावं लागेल. बऱ्याच ठिकाणी आधी उभी घरं रिकामी केल्याशिवाय पहिली वीट ठेवता येत नव्हती.

नात्यातली कुटुंबं एकत्र हलवणं मात्र शक्य होतं. आई आणि दोन विवाहित लेकी अशी तीन बिऱ्हाडं एकाच वसाहतीत जवळजवळ देता आली असती. अडचण अशी की आईला पुरेसे गुणच नसत. मुलं उजवून झाली, दोन खोल्यांत आता दोनच म्हातारी माणसं. हिशोबात त्यांच्याकडे दाटी नाही, उलट ऐसपैस जागा. गर्दीच्या नियमाने लेक पात्र ठरली आणि त्याच नियमाने आई अपात्र. शिवाय वसाहतीत बहुतेक घरं तीन शयनखोल्यांची. एकट्या विधवेला राहता येईल, परवडेल असं लहान घर जवळपास नव्हतंच. चार हजार कुटुंबांच्या गावात काही शे लहान घरं बांधणं हे खर्चाच्या दृष्टीने अवघड नव्हतं. तो विचार आराखड्याच्या वेळीच व्हायला हवा होता, आणि तो झाला नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुढच्या पिढीत हीच गोष्ट उलट्या बाजूने आली. डेबडनची मुलं मोठी झाली, लग्नं झाली. एलसीसीची यादी लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी, आणि ती राहत होती एसेक्समध्ये. जी कुटुंबं आईपासून तुटून इथे आली होती त्यांच्याच मुलांना आता इथे आईजवळ घर मिळेना.

मग नातं हाच निकष का करू नये? हा प्रयोगही झाला, आणि तोही याच मातीत. 1965 साली बेथनल ग्रीन टॉवर हॅम्लेट्स बरोमध्ये विलीन झालं. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे लिबरल पक्षाची सत्ता असताना स्थानिक भाडेकरूंच्या मुलामुलींना घरवाटपात प्राधान्य देणारी योजना राबवली गेली. ज्यांचे आईबाप आधीपासून कौन्सिलच्या घरात होते त्यांना फायदा झाला. ज्यांचे नव्हते ती होती बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेली बंगाली कुटुंबं, आणि त्या काळात बरोतली सगळ्यांत भयंकर दाटी त्यांच्याच घरांत होती. या बरोच्या घरांच्या कारभारात वांशिक भेदभाव आढळल्याचं वंशसमता आयोगाने 1988 साली नोंदवलं. घरांवरून पेटलेला राग पुढे 1993 च्या मिलवॉल पोटनिवडणुकीत एका उघड वर्णद्वेषी पक्षाचा नगरसेवक निवडून येण्यापर्यंत गेला. वसुलीवाल्यासमोर टाकलेला आईचा शब्द आता कौन्सिलच्या नियमात आला होता, आणि ज्यांच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नाही ते पुन्हा दाराबाहेर होते.

म्हणून गरजेच्या यादीत नात्याला जागा द्यायची असेल तर ती गरजेच्या खाली द्यावी लागते. आधी दाटी पाहायची, मग घर कुठे द्यायचं हे ठरवताना विचारायचं: तुमची रोजची मदत कोण करतं, तुम्ही कोणाची करता, ते माणूस चालत जाण्याच्या अंतरावर हवं आहे का? हा प्रश्न सिल्हेटहून आलेल्या बाईलाही विचारता येतो. तिचीही बहीण कुठल्यातरी गल्लीत असते. उत्तर ‘नको’ असलं तर तेही लिहून घ्यायचं.

दाटीचा तो जुना हिशोब मात्र अजून संपलेला नाही. 1935 चा तक्ता 1985 च्या घरबांधणी कायद्यात जसाच्या तसा उतरला. दोन खोल्यांना तीन माणसं, बसायची खोली झोपायची म्हणून धरायची, दहा वर्षांखालचं मूल अर्धं, आणि पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळ शून्य.